बेडकाच्या अंड्यातील सहा तासांचे मौन

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या काळ्या मातीत जिकडेतिकडे डबकी साचतात. कपाशीच्या शेताच्या धुऱ्यालगत, गावाबाहेरच्या खदानीत, शाळेच्या मैदानाच्या सखल कोपऱ्यात. रात्रभर बेडकांचा गोंधळ चालतो आणि सकाळी पाण्यात अंडी दिसू लागतात. नीट पाहिले तर ती सगळी सारखी नसतात. पाणवनस्पतींना गुंडाळलेल्या पारदर्शक दोऱ्यांत ओळीने काळे मणी ओवल्यासारखे दिसले तर ती भेकाची, म्हणजे खडबडीत कातडीच्या बेडकाची अंडी. डबक्यावर टेकलेल्या फांदीला किंवा काठाच्या गवताला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला असेल तर तो झाडावरच्या बेडकाचा. आणि पाण्याच्या पृष्ठभागावर राईच्या दाण्यांहून लहान अंड्यांचा एकपदरी पातळ तवंग तरंगत असेल तर तो पाठीवर नक्षी असलेल्या, अंगठ्याच्या पेराहून फार मोठ्या नसलेल्या त्या छोट्या बेडकाचा, ज्याला प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत मायक्रोहायला ऑर्नाटा म्हणतात. (या एका नावाखाली आजवर एकाहून अधिक जाती मोजल्या गेल्या, असे अलीकडच्या अभ्यासातून दिसले आहे. आपल्या कामापुरते जुने नाव पुरे.)

वर्गात ‘बेडकाचे जीवनचक्र’ शिकवताना आपण अंडे, बेडूकमासा, पाय फुटलेला बेडूकमासा, बेडूक अशी चार चित्रे फळ्यावर काढतो. अंडे आणि बेडूकमासा यांच्यामध्ये एक बाण काढतो. या लेखाचा विषय तो बाण आहे. त्यातही बाणाचा अगदी सुरुवातीचा, काही तासांचा भाग. एका गोल पेशीतून डोके कोठे, शेपूट कोठे, पाठ कोणती, पोट कोणते हे कसे ठरते, हा प्रश्न. तो सोडवायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि त्याच्या उत्तराचा एक लहानसा पण महत्त्वाचा तुकडा पुण्यात सापडला आहे.

केसाचा फास आणि एक दुर्दैवी मुलगी

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे हान्स श्पेमान हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांची हत्यारे पाहिली तर आपल्या शाळांतील प्रयोगशाळाही श्रीमंत वाटेल. काचेची नळी तापवून, ओढून केलेली सुई आणि तान्ह्या बाळाच्या मऊ केसाचा फास. एवढ्यावर ते पाणसरड्याच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या चुलतभावाच्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या भ्रूणाची शस्त्रक्रिया करीत. त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिच्याकडे त्यांनी एक प्रयोग सोपवला. भ्रूण पोकळ चेंडूसारखा असताना त्याच्या एका बाजूला एक लहान चीर पडते आणि पेशी आत वळू लागतात. त्या चिरेच्या वरच्या ओठाचा तुकडा काढायचा आणि दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवायचा. देणारा भ्रूण फिकट रंगाच्या जातीचा, घेणारा गडद रंगाच्या जातीचा. त्यामुळे पुढे जे काही तयार होईल त्यातील पेशी कोणाच्या, हे रंगावरून कळणार होते.

प्रतिजैविके त्या काळी नव्हती. शेकडो भ्रूणांवर कलमे करूनही मोजकेच जगले. पण जे जगले त्यांच्या पोटावर दुसरा भ्रूण उगवला होता. पाठीचा कणा होण्याआधीचा दांडा, मज्जारज्जू, स्नायूंचे खंड, सगळे. आणि मज्जारज्जूच्या बहुतेक पेशी गडद रंगाच्या होत्या, म्हणजे त्या घेणाऱ्याच्या होत्या! बसवलेल्या तुकड्याने स्वतः मज्जारज्जू बनवला नव्हता, शेजारच्या पेशींकडून तो बनवून घेतला होता. पोटाची कातडी व्हायच्या पेशींना त्याने पाठीचे काम करायला लावले होते. श्पेमान यांनी त्या तुकड्याला ‘संघटक’ हे नाव दिले.

हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरातील स्टोव्हचा भडका उडून हिल्डे मांगोल्ड भाजली आणि गेली. तिचे वय पंचवीस होते आणि पदरी तान्हे मूल होते. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक मरणोत्तर दिले जात नाही हे खरे. पण ज्या प्रयोगासाठी ते मिळाले तो एका विद्यार्थिनीच्या पीएच.डी.चा प्रयोग होता, हे वर्गात सांगताना गाळू नये असे आम्हाला वाटते.

फसलेला शोध

संघटक काहीतरी बोलतो आणि शेजारी ऐकतात, एवढे कळले. मग तो बोलतो कशाने? १९३२ मध्ये असे दिसले की संघटकाचा तुकडा उकळून किंवा अन्य रीतीने मारून बसवला तरी शेजारच्या पेशींपासून मज्जासंस्थेसारखी रचना तयार होते. म्हणजे संदेश हा एखादा रासायनिक पदार्थ असणार. युरोपभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या. केंब्रिजमध्ये जोसेफ नीडहॅम आणि कॉनरॅड वॉडिंग्टन यांनीही त्यात उडी घेतली. पण झाले भलतेच. जो पदार्थ वापरून पाहावा तो लागू पडू लागला. मिथिलीन ब्लूसारख्या साध्या रंगद्रव्यानेही काम होऊ लागले. नुसते मिठाचे प्रमाण बदलले तरी पाणसरड्याच्या बाह्यस्तरातील पेशी मज्जापेशी होण्याकडे वळत. कोणत्याही किल्लीने उघडणाऱ्या कुलपावरून खरी किल्ली कशी ओळखायची? दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत बहुतेकांनी हा नाद सोडला.

पण त्या कुलपाचा अर्थ वेगळाही लावता आला असता. दाराला कुलूप नसेलच तर? दार आपोआप उघडणारे असेल आणि कोणीतरी ते बाहेरून दाबून धरले असेल तर? हा अर्थ लोकांना पन्नास वर्षे सुचला नाही. त्याकडे आपण पुढे येऊ.

वॉडिंग्टन पुढे एडिंबरोला गेले. त्यांच्याकडे पुण्याच्या लीला मुल्हेरकर काम करायला गेल्या. कोंबडीच्या भ्रूणातील कोणते भाग शेजाऱ्यांना असे वळण लावू शकतात, यावरचा त्यांचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. परत आल्यावर त्यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रायोगिक भ्रूणविज्ञान रुजवले. अंड्याच्या कवचाबाहेर, घड्याळाच्या काचेवर कोंबडीचा भ्रूण वाढवण्याचे तंत्र विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यांच्याकडे शिकल्या. महाराष्ट्रात भ्रूणविज्ञान म्हणजे आकृत्या काढून नावे देणे एवढेच ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

याच पुण्यात मायक्रोहायलाच्या अंड्यांवरही काम झाले. पवार, घाटे आणि कातदरे यांचा मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचा या बेडकाच्या भ्रूणावरील परिणाम सांगणारा निबंध १९८३ सालचा आहे. कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना त्याचे महत्त्व समजावून सांगायला नको. २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्या देशाचे लक्ष इकडे वळले. धुऱ्यालगतच्या डबक्यातील अंड्याला तर कवचही नसते. पाण्यात जे उतरते त्याच्याशी त्याचा थेट संबंध येतो, आणि तोही अशा तासांत, जेव्हा त्याचे डोके आणि शेपूट ठरत असते.

बारा वेळा दुप्पट

१९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील झेनोपस हा नखवाला बेडूक गर्भनिदानासाठी वापरात आला. गरोदर स्त्रीच्या लघवीतील संप्रेरक टोचले की ही बेडकी काही तासांत अंडी देते. त्यामुळे जगभरच्या दवाखान्यांत झेनोपस पाळले गेले. पुढे गर्भनिदानाच्या सोप्या पद्धती आल्या आणि ही बेडके बेकार झाली. पण वर्षभर, हव्या त्या दिवशी अंडी देणारा प्राणी भ्रूणवैज्ञानिकांना आयता मिळाला. आपल्या बेडकांप्रमाणे मृगाची वाट पाहायला नको! ऑक्सफर्डला जॉन गर्डन यांनी याच बेडकावर दाखवून दिले की आतड्याच्या पेशीच्या केंद्रकातही संपूर्ण बेडूक घडवण्याची माहिती शाबूत असते. (शाळेत असताना गर्डन जीवशास्त्रात अडीचशे मुलांत शेवटचे आले होते आणि त्यांच्या शिक्षकांनी त्यांचे वैज्ञानिक होण्याचे स्वप्न हास्यास्पद ठरवले होते. ते प्रगतिपुस्तक त्यांनी जपून ठेवले. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात असू द्यावे.)

झेनोपसचे अंडे साधारण सव्वा मिलिमीटरचे असते. वरचा अर्धा भाग गडद, खालचा फिकट आणि पिवळ्या बलकाने भरलेला. फलनानंतर दीड तासाने पहिले विभाजन होते. मग दर अर्ध्या तासाने सगळ्या पेशी एकदम, कवायतीत उभ्या असल्यासारख्या, दुभागत जातात. दोन, चार, आठ, सोळा. असे बारा वेळा झाले की २ चा १२ वा घात, म्हणजे ४०९६ पेशी होतात. या काळात भ्रूण आकाराने वाढत नाही. एका मोठ्या भाकरीचे तुकडे करत जावे तसे चाललेले असते.

आणि या सहा-सात तासांत भ्रूणाची स्वतःची जनुके जवळजवळ पूर्ण मुकी असतात. प्रत्येक केंद्रकात आईबापांकडून आलेला डीएनए आहे, तो भराभर दुप्पट होतो आहे, पण त्याच्यावरून आरएनए लिहिला जात नाही. सगळा कारभार आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतो. त्या शिदोरीत प्रथिने असतात, तशीच आरएनएच्या रूपातील तयार आज्ञापत्रेही असतात. बाराव्या विभाजनानंतर कवायत मोडते. पेशी आपापल्या वेळेने दुभागू लागतात, हालचाल करू लागतात आणि जनुके बोलू लागतात.

सॅन फ्रान्सिस्कोत जॉन न्यूपोर्ट आणि मार्क किर्श्नर यांनी १९८२ मध्ये हा क्षण बारकाईने तपासला. भ्रूण वेळ मोजतो की विभाजने? दोन्ही नाही, असे त्यांना दिसले. तो केंद्रकातील डीएनए आणि भोवतीचा पेशीरस यांचे गुणोत्तर मोजतो. अंड्यात बाहेरचा जादा डीएनए टोचला तर मौन लवकर सुटते. म्हणजे आईने दिलेल्या पेशीरसात डीएनएला गप्प ठेवणारे काहीतरी ठरावीक प्रमाणात असते. डीएनए दुप्पट होत गेला की ते पुरेनासे होते. डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांचा यात हात आहे, असे पुढे कळले.

गणिताच्या तासाला घातांक शिकवताना हे उदाहरण बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांपेक्षा बरे पडेल.

वाढघटकांचे आगमन

मौन सुटल्यावर सगळ्या पेशी एकच बोलू लागल्या तर बेडूक होणार नाही. कोणत्या पेशीत कोणते जनुक जागे व्हावे हे कोण सांगते?

हॉलंडचे पीटर न्यूकूप यांनी १९६९ मध्ये एक साधा प्रयोग केला. ॲक्सोलोटल या पाणसरड्याच्या भ्रूणाची वरची टोपी एकटी वाढवली तर तिची नुसती कातडी होते. खालचा बलकाचा भाग एकटा वाढवला तर त्यापासून फारसे काही होत नाही. दोन्ही एकमेकांवर ठेवले की टोपीच्या पेशींपासून स्नायू, रक्त, पाठीचा दांडा असा मध्यस्तर तयार होतो. खालून वर काहीतरी जात होते. पण काय?

उत्तर अगदी दुसऱ्या रस्त्याने आले. हिल्डे मांगोल्डबरोबर फ्रायबुर्गला शिकणारे व्हिक्टर हॅम्बर्गर पुढे अमेरिकेत सेंट लुईसला स्थायिक झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत इटलीच्या रीता लेवी-माँताल्चिनी यांनी मज्जातंतूंची वाढ करणारा पदार्थ शोधला, तर स्टॅन्ली कोएन यांनी तो शुद्ध केला आणि पुढे त्वचेची वाढ करणारा आणखी एक शोधला. पेशी बाहेर सोडतात आणि शेजारच्या पेशी पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनांनी पकडतात, अशा या प्रथिनांना वाढघटक म्हणतात. दोघांना १९८६ मध्ये नोबेल मिळाले. हे घटक वाढलेल्या प्राण्याच्या पेशींसाठी आहेत, अशीच तोवर समजूत होती.

दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये जोनाथन स्लॅक आणि सहकाऱ्यांनी झेनोपसच्या टोपीवर एफजीएफ नावाचा, तंतुपेशींची वाढ करणारा घटक टाकला, आणि टोपीचा मध्यस्तर झाला. त्याच वर्षी जिम स्मिथ यांना झेनोपसच्या पेशी वाढवलेल्या द्रवात याहून जोरदार असा पदार्थ मिळाला. तोच ऍक्टिव्हिन, हे १९९० मध्ये निश्चित झाले. गंमत अशी की ऍक्टिव्हिन आधीच माहीत होता. डुकरिणीच्या अंडाशयातील द्रवातून १९८६ मध्ये तो वेगळा केला होता आणि त्याचे काम संप्रेरकाचा स्राव वाढवणे हे आहे, असे सांगितले जात होते. जपानमध्ये योकोहामा येथे माकोतो आसाशिमा हेही स्वतंत्रपणे १९९० मध्येच ऍक्टिव्हिनपर्यंत पोहोचले. हे नाव लक्षात ठेवा.

शाळेत दाखवता आला असता तर आम्ही हा प्रयोग प्रत्येक वर्गात दाखवला असता. बशीत मिठाच्या सौम्य द्रावणात टोपीचा तुकडा ठेवला की तो गोल गोळी होऊन बसतो. द्रावणात नाममात्र ऍक्टिव्हिन टाकला की काही तासांत ती गोळी ताणून लांब होते. स्नायू आणि दांडा तयार होत असल्याची ही खूण. मात्रा कमी असेल तर एक ऊती, थोडी वाढवली तर स्नायू, आणखी वाढवली तर पाठीचा दांडा. जेरेमी ग्रीन आणि जिम स्मिथ यांनी १९९० मध्ये दाखवले की मात्रेत दीडपट एवढा फरकही पेशीचे नशीब बदलायला पुरेसा असतो.

पेशी मात्रा मोजते तरी कशी? गर्डन यांच्या केंब्रिजमधील गटाने १९९८ मध्ये त्याचा हिशेब लावला. एका पेशीवर ऍक्टिव्हिनचे सुमारे ५००० ग्राही असतात. त्यांपैकी १०० भरले, म्हणजे शंभरात दोन, की ब्रॅकियुरी हे जनुक जागे होते. ३०० भरले, म्हणजे शंभरात सहा, की गूसकॉइड हे संघटकाचे जनुक जागे होते. पेशी टक्केवारी पाहत नाही, भरलेल्या ग्राहींची नुसती संख्या पाहते. शिवाय ती मागे फिरत नाही. एकदा मोठी मात्रा मिळाली की पुढे ती कमी झाली तरी पेशी मोठ्या मात्रेलाच प्रतिसाद देत राहते.

मात्र भ्रूणात प्रत्यक्ष हे काम मुख्यत्वे ऍक्टिव्हिन करत नाही, त्याचे नातेवाईक करतात. त्यांना नोडल म्हणतात. आईच्या शिदोरीत बलकाच्या भागात ठेवलेले एक आज्ञापत्र, व्हेगटी नावाचे, तेथील पेशींना नोडल बनवायला लावते. पाठीकडच्या बाजूला बीटा-कॅटेनिन हे प्रथिन त्याला साहाय्य करते, म्हणून तिकडे नोडल जास्त. आसाशिमांच्या गटाने २००० मध्ये असे दोन नोडल शोधले जे मोठे मौन सुटण्याच्या आधीच, कुजबुजल्यासारखे, बोलू लागतात. आमच्या शीर्षकातील ‘मौन’ त्यामुळे थोडे सैल धरावे लागते. एफजीएफचे काय? १९९१ मध्ये त्याचे ग्राही निकामी करून पाहिले, तेव्हा डोके असलेला पण धड-शेपूट नीट न झालेला भ्रूण तयार झाला. म्हणजे त्याचीही गरज आहेच.

दारापासून डीएनएपर्यंत

वाढघटक पेशीच्या आत शिरत नाही. तो दारावर थाप मारतो. मग निरोप केंद्रकापर्यंत कोण नेतो?

ग्राहीला नोडल चिकटला की ग्राही आतल्या बाजूला स्मॅड-२ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक गट जोडतो. एवढ्याने स्मॅड-२ स्मॅड-४ ची जोडी करतो आणि केंद्रकात शिरतो. पण हे दोघे डीएनएला फार सैल धरतात. हजारो जनुकांतून नेमके कोणते, हे त्यांना एकट्याने ठरवता येत नाही. १९९६ मध्ये बोस्टनला शिन चेन, मायकेल रूबॉक आणि माल्कम व्हिटमन यांनी झेनोपसमध्ये त्यांचा भागीदार शोधला. त्याला त्यांनी फास्ट-१ म्हटले, आज तो फॉक्सएच-१ या नावाने ओळखला जातो. तो विशिष्ट अक्षररचना पाहून डीएनएला घट्ट धरून बसतो. स्मॅड येऊन त्याला मिळाले की ते जनुक चालू होते.

यातून एक जुने कोडे सुटले. एकच वाढघटक प्रौढ बेडकीच्या अंडाशयात एक काम करतो आणि भ्रूणात दुसरेच. निरोप तोच, निरोप्याही तोच, पण आत वाट पाहणारा भागीदार वेगळा. गूसकॉइड १९९१ मध्ये ज्यांनी वेगळे केले त्यांपैकी केन चो यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले की आईने दिलेला फॉक्सएच-१ भ्रूणाची जनुके मुकी असतानाच त्यांच्यावर जाऊन बसलेला असतो. घंटा व्हायच्या आधीच आपापल्या वर्गाच्या दारात उभ्या राहिलेल्या शिक्षकासारखा, असे म्हणायला हरकत नाही.

दाबून धरलेले दार

आता संघटकाकडे परत येऊ. जनुके वेगळी करता येऊ लागल्यावर बर्कलेत विल्यम स्मिथ आणि रिचर्ड हार्लंड यांनी एक युक्ती केली. फलनानंतर लगेच अंड्यावर अतिनील किरण सोडले की पाठ तयारच होत नाही, नुसता पोटाचा गोळा होतो. अशा अंड्यात वेगवेगळे आरएनए टोचून, कोणता पाठ परत आणतो हे ते पाहत गेले. १९९२ मध्ये एक सापडला. जास्त टोचला तर भ्रूणाचे डोकेच प्रमाणाबाहेर मोठे होई, म्हणून त्यांनी त्याचे नाव नॉगिन ठेवले. इंग्रजी बोलीत हा डोक्यासाठीचा शब्द आहे, आपण ‘टाळके’ म्हणतो तसा. १९९४ मध्ये दुसरा सापडला, कॉर्डिन.

नॉगिनचा ग्राही शोधायला लोक निघाले आणि तो काही मिळेना. १९९६ मध्ये कळले की त्याला ग्राही नाहीच. तो बीएमपी नावाच्या दुसऱ्या वाढघटकाला बाहेरच्या बाहेर मिठी मारतो आणि त्याला दारापर्यंत पोहोचू देत नाही. कॉर्डिनही तेच करतो. बीएमपी सगळ्या भ्रूणात ‘पोट व्हा, कातडी व्हा’ असे सांगत असतो. संघटक स्वतः काही आज्ञा देत नाही, तो बीएमपीला गप्प करतो. बाह्यस्तराची पेशी तशी सोडून दिली तर मज्जापेशी होण्याकडेच कललेली असते. १९३० च्या दशकात मिथिलीन ब्लू का चालले, मीठ का चालले, याचे उत्तर येथे आहे. दार दाबून धरणाऱ्याचा हात कशानेही सुटू शकत होता.

या ज्ञानाचा उपयोग आज बेडकापुरता राहिलेला नाही. मानवी मूलपेशींपासून यकृताच्या किंवा स्वादुपिंडाच्या पेशी बनवायच्या तर पहिल्या पायरीला ऍक्टिव्हिन वापरतात. मज्जापेशी बनवायच्या तर नॉगिन किंवा तेच काम करणारी रसायने.

आणि पुणे? तेथील आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि सहकारी हायड्रावर काम करत होते. हायड्रा हा गोड्या पाण्यातला, पोकळ नळीसारखा, अर्धा-एक सेंटिमीटरचा जीव. त्याला पाठ नाही, पोट नाही, मेंदू नाही. वर तोंड आणि खाली चिकटायचा पाय, एवढीच दिशा. प्राण्यांच्या वंशवृक्षात त्याची फांदी बेडकाच्या फांदीपासून साठ कोटी वर्षांच्या आसपास पूर्वी वेगळी झाली. अशा जीवात नॉगिनसारखे जनुक आहे, असे त्यांना आढळले. ज्याला पाठच नाही त्याला पाठ घडवणारे जनुक कशाला? आणि ते खरोखर काम करते की नावापुरतेच सारखे दिसते?

हे तपासायला त्यांनी आसाशिमा यांच्याशी सहकार्य केले. हायड्राच्या नॉगिनचा आरएनए झेनोपसच्या कोवळ्या भ्रूणात टोचला. टोचलेल्या प्रत्येक भ्रूणात पाठीचा दुसरा अक्ष उगवला. हिल्डे मांगोल्डने जिवंत तुकडा बसवून जे घडवले, ते हायड्राच्या एका जनुकाने घडवले. अतिनील किरणांनी पाठ हरवलेल्या भ्रूणांना ती काही अंशी परतही मिळाली, आणि टोपीच्या प्रयोगातून हे सारे बीएमपीला अडवल्यामुळेच होते हेही दिसले. चंद्रमोरे, इतो, ताकाहाशी, आसाशिमा आणि घासकडबी यांचा हा निबंध २०१० सालचा आहे. बीएमपी आणि नॉगिन यांची ही झटापट पाठ-पोट असलेले प्राणी निर्माण होण्याच्या आधीपासून चालू आहे, असा त्याचा अर्थ. पाठ पुढे आली आणि तिने जुनेच हत्यार उचलले.

श्पेमान-मांगोल्ड यांच्या पंधरा वर्षे आधी, १९०९ मध्ये, एथेल ब्राउन या अमेरिकन विद्यार्थिनीने हायड्राच्या तोंडाजवळचा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगात बसवला होता, आणि तेथून नवा हायड्रा फुटला होता. तिनेही रंगाचाच उपयोग करून, नव्या भागातील पेशी यजमानाच्या आहेत हे ओळखले होते. ‘संघटक’ हा शब्द मात्र तिने वापरला नाही आणि तिचा निबंध पुष्कळ वर्षे मागे पडला.

हायड्रा आपल्याकडच्या तळ्यांतही मिळतो. पावसाळा ओसरल्यावर स्वच्छ, संथ पाण्यातील पाणवनस्पती थोड्या पाण्यासह काचेच्या बरणीत आणून एक-दोन तास न हलवता ठेवाव्यात. काचेला किंवा पानाला चिकटलेले, बारीक दोऱ्यासारखे हात पसरलेले काही दिसले तर भिंगाने पाहावे. बेडकाची अंडी पाहायची असतील तर पहाटे डबक्यावर जावे, मायक्रोहायलाच्या तवंगातील थोडी अंडी त्याच डबक्याच्या पाण्यात बशीत घ्यावीत आणि दर अर्ध्या तासाने पेशी मोजाव्यात. आपल्याकडच्या उन्हाळी पाण्यात सगळे भराभर उरकते, साधारण दिवसभरात पिल्ले बाहेर पडतात, म्हणून उशीर करू नये. सोळा पेशींपर्यंत साध्या भिंगाने मोजता येतात. मोजून झाल्यावर अंडी त्याच डबक्यात परत सोडावीत. नळाचे पाणी वापरू नये, आणि शेजारच्या शेतात नुकतीच फवारणी झाली असेल तर त्या डबक्याच्या अंड्यांची वेगळी नोंद ठेवावी.